रविवारची चाळीस मिनिटं

"बंद करा! अहो बाई, बंद करा ती चावी!"

आवाज वरून आला, आणि तोही टूथपेस्टच्या फेसातून.

पहाटेचे पावणेसहा वाजले होते. रस्ता अजून अर्धवट झोपेत होता. तिच्या छोट्या गाडीने तिसऱ्याच घरापाशी मान टाकली होती. चावी फिरवली की नुसतं टक्-टक्-टक्… थंडीने कुणाचे दात वाजावेत तसं. ती फिरवत होती, आणि गाडी दात वाजवत होती.

"फिरवू नका म्हणतोय ना! आहे नाही तेवढी बॅटरीही जाईल!"

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत एक तरुण उभा होता. हातात ब्रश, हनुवटीपर्यंत फेस, शर्टाची एकच बाही घातलेली. त्याच्या पायाखालच्या बंद शटरवर भली मोठी बॅटरी रंगवलेली होती.

"आधी तोंड धुवा," ती खालून ओरडली, "मग मला शिकवा!"

तो तोंड धुऊन आला खरा, पण दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. तिने त्या पाहिल्या. ती पाहतेय हे त्याने पाहिलं. शटर वर गेलं, आतून एका छोट्या ढकलगाडीवर बॅटरी आली, आणि जाड लाल-काळ्या वायरींचं वेटोळं आलं.

"इतक्या पहाटे निघालात कुठे?"

"रक्त गोळा करायला."

वायर धरलेला त्याचा हात जागीच थांबला. "…कुणाचं?"

"आज अकरा जणांचं. गाडी चालू नाही झाली तर बारावं तुमचं."

तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालावर आडवी रेघ पडायची, हे तिला उगाचच दिसलं. मग मात्र तिने घाईघाईने सांगून टाकलं. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते, घरोघरी जाऊन नमुने घेते. मागच्या सीटवर निळी पेटी आहे ना, त्यात बर्फ आहे. पुढच्या घरातल्या आजी रात्रीपासून उपाशीपोटी तिची वाट बघतायत.

"मग आधी बोलायचं नाही का!" त्याने दोन चिमटे आपल्या बॅटरीला लावले, दोन तिच्या गाडीच्या. "हं, मारा आता."

गाडी खडबडून जागी झाली. तिचा जीव भांड्यात पडला.

"मेली का हो बॅटरी?"

"छे! एक ठोका चुकला म्हणून तुम्ही माणसाला मेला म्हणता का? घरी पोचलात की फोन करा. येऊन बघतो."

ती निघाली. पुढच्या वळणावर आरशात पाहिलं, तर तो अजून रस्त्यातच उभा होता. आपल्या चपलांकडे बघत.

* * *

साडेअकराला तो आला. गाडी इमारतीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. गाडी मुळात तिच्या बाबांची. बाबांनी चौतीस वर्षं बस चालवली. दीड वर्षापूर्वी डोळ्यांच्या कडा काळोखल्या. समोरचं दिसे, बाजूचं दिसेना. डॉक्टरांनी सांगितलं, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाबांनी गाडीची चावी तिच्या हातावर ठेवली. त्याआधी ती लॅबच्या आतल्या खोलीत बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. त्या खोलीला खिडकी नव्हती. गाडी मिळाली तशी सकाळची फेरी मिळाली, आणि फेरीबरोबर उगवता दिवस, दाराशी जांभया देणारी माणसं, आणि तिला 'सुईताई' म्हणणारा, सुई टोचून झाल्यावरच रडणारा एक शहाणा मुलगा. या फेरीवर तिचा जीव होता.

बोनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही खांबांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती.

"काळी वायर आधी सोडायची. नेहमी," तो पान्याने नट फिरवत म्हणाला. "आता गरम पाणी आणि सोडा आणा."

"स्वयंपाकातला?"

"तोच. बॅटरीचं पोटही आपल्यासारखंच असतं. आंबट झालं की सोडा लागतो."

सोड्याचं पाणी पडलं तसा खांबांवर फसफसून फेस आला. ती खुदकन हसली.

"काय झालं?"

"काही नाही. सकाळची आठवण झाली."

तो कानापर्यंत लाल झाला. मान खाली घालून त्याने खांब पुसले, वायरी परत जोडल्या आणि वरून बोटाने व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला. झाकणं उघडून पाणी पाहिलं आणि कमी होतं तिथे खुणेपर्यंत शुद्ध पाणी घातलं. "नळाचं कधी नाही हं!" मग मीटर लावलं. इंजिन बंद असताना, चालू असताना, दिवे लावून.

"दोन वर्षांची आहे. ठणठणीत आहे. नवी घेऊ नका."

"तुम्ही बॅटऱ्या विकता ना?"

"विकतो की. पण जिवंत बॅटरी काढायला माझा हात धजत नाही." त्याने बोनेटवर कोपर टेकलं. "फेरीत गाडी किती वेळा बंद-चालू करता?"

"अकरा घरं. अकरा वेळा."

"आणि दोन घरांत अंतर पाच मिनिटांचं. बघा… दर वेळी उठताना गाडी मोठा घोट घेते, आणि तुम्ही तिला परत भरायला वेळच देत नाही. आठवड्यातून एकदा तरी सलग चाळीस मिनिटं चालवा. मोकळ्या रस्त्यावर."

बाबा बाजूला उभे राहून ऐकत होते. बॅटरीवाल्याने त्यांच्याकडे वळून विचारलं, "बरोबर ना काका? तुम्ही तर आयुष्यभर गाडी चालवलीत."

"हं," बाबा म्हणाले, आणि लगबगीने वर निघून गेले.

* * *

रविवारी सकाळी ती शेडमध्ये उतरली, तर हा आधीच हजर. हातात छोटंसं मीटर.

"सिगारेट पेटवायच्या भोकात हे खुपसायचं. बॅटरी किती भरतेय ते दिसतं."

"मग द्या. मी बघेन."

"चालवताना आकड्यांकडे बघायचं नसतं," तो गंभीरपणे म्हणाला, आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसलासुद्धा.

गावाबाहेरचा रस्ता झाडांतून जात होता. काच थोडी खाली केली होती, ओल्या मातीचा वास आत येत होता. तो दर पाच मिनिटांनी आकडा वाचायचा. तेरा पूर्णांक नऊ… चौदा… चौदा पूर्णांक एक… बातम्या वाचाव्यात तसा. मध्येच आकडे थांबले. तिने पाहिलं, तर तो मीटरकडे बघतच नव्हता.

"किती?" तिने विचारलं.

"काय किती?"

"आकडा!"

"हां… चौदा. चौदाच असणार."

तरीही मंगळवारी पहाटे गाडी पुन्हा मेली. शेडमध्येच. तिने फोन केला, तो धावत आला, गाडी चालू झाली. पण फेरीला पाऊण तास उशीर झाला. लॅबमधल्या मोठ्या मॅडमनी तिला खुर्चीवर बसायलाही सांगितलं नाही.

"दोनदा झालं. लोक उपाशी बसतात आपल्यासाठी. तिसऱ्यांदा झालं तर फेरी दुसऱ्या कुणाला तरी. तू परत आतल्या खोलीत. कळलं?"

दुपारी तिने हे बॅटरीवाल्याला सांगितलं तेव्हा डोळ्यांतलं पाणी तिने कसंबसं अडवलं होतं.

"कुठेतरी करंट झिरपतोय," तो म्हणाला. "उद्या दुपारी येऊन शोधतो. आणि हे बघा, यापुढे तुमची गाडी पहाटे बंद पडणार नाही. माझा शब्द."

आणि खरंच, त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. एक आठवडा गेला, दोन गेले, सहा गेले.

"सापडलं का कुठे झिरपत होतं ते?" तिने एका रविवारी विचारलं.

"सापडलं," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "वायरचं होतं. बारीकसं."

रविवार मात्र चालूच राहिले. बॅटरी भरायची होती ना! तिसऱ्या रविवारी रिमझिम लागली. त्याने वायपर लावू दिला नाही, "उगाच करंट खातो." मग दोघं गाडी बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून, धुकट काचेआड बसून राहिले. तिने काचेवर बोटाने बॅटरी काढली. त्याने तिला दोन पाय काढले, पायांत दोन वेगळ्या चपला.

"तुला लाज नाही वाटत?" ती हसून म्हणाली, आणि थबकली. "म्हणजे… तुम्हाला."

"तूच बरं आहे," तो हळूच म्हणाला. "तुम्ही म्हटलं की मला दुकानात बसल्यासारखं वाटतं."

मीटरवर चौदा होतं. दोघंही त्या चौदाकडे फार मन लावून बघत राहिले.

एकच गोष्ट तिला खटकायची. गाडीतलं घड्याळ. रोज पहाटे ते दोन तास मागे असे. ती नीट लावायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन तास मागे.

"हे असं का रे होतं?"

"जुन्या गाड्या," तो कान खाजवत म्हणाला. "त्यांचं असंच असतं."

प्रेमात पडलेली माणसं घड्याळाकडे फारसं लक्ष देत नाहीत. तिनेही दिलं नाही.

* * *

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली ती सातव्या आठवड्यात, एका बुधवारी. टक्-टक्सुद्धा नाही. नुसती शांतता.

तिने त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शेवटी पेटी खांद्याला लावून ती पायीच निघाली, मग रिक्षा मिळाली, मग ती रिक्षा चुकीच्या रस्त्याला लागली. पहिल्याच घरच्या आजी, साखरेचा आजार असलेल्या, तासभर उपाशी बसून राहिल्या होत्या. ती पोचली तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला होता आणि सून घाबरीघुबरी होऊन त्यांना धरून बसली होती. तिने नमुन्याचं नाव काढलं नाही. आधी साखरपाणी पाजलं. आजी हळूहळू सावरल्या आणि उलट तिच्याच गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "तू नको गं रडूस, मी आहे की."

दहा वाजता मोठ्या मॅडमनी फेरीची वही तिच्या हातातून काढून घेतली.

एरवी दुपारी जेवून ती दोन तास झोपायची. चारला उठलेल्या माणसाला दुपारी झोप अनावर होते. त्या दिवशी डोळ्याला डोळा लागेना. बाबा घरात नव्हते. पाय मोकळे करायला गेले असतील. गाडीत राहिलेली पाण्याची बाटली तरी वर आणावी, म्हणून ती जिना उतरून मागे गेली, आणि शेडच्या कोपऱ्यावर थबकली.

गाडी जागच्या जागी उभी होती. इंजिन बंद होतं. पण मागचे लाल दिवे लागले होते. मग ते विझले. मग डावा इंडिकेटर लुकलुकू लागला… टिक्, टिक्, टिक्… कुठेही न जाणारी गाडी सावकाश डावीकडे वळत होती.

"पाण्याची टाकी!" आतून बाबांचा आवाज आला. खणखणीत, दीड वर्षात ऐकला नव्हता असा. "उतरणारे पुढे या!"

"थांबा थांबा, एक उतरणार आहे," दुसरा आवाज म्हणाला. "तिच्या हातात पिशवी आहे."

तो आवाज तिने कुठेही ओळखला असता.

बोनेट उघडं होतं. गाडीची स्वतःची बॅटरी सोडवून बाजूला जमिनीवर चार्जरला लावली होती, आणि तिच्या जागी वायरींना जोडलेली होती दुकानातली, त्याची. तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. बॅटरी काढून परत जोडली की घड्याळ बारापासून सुरू होतं. दुपारी दोनला जोडली की बरोबर दोन तास मागे. रोज!

तिने शेजारच्या सीटचं दार उघडलं. बॅटरीवाला तिथेच बसला होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. तिला पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांचे हात स्टिअरिंगवर होते. ते त्यांनी हळूच उचलून मांडीवर ठेवले, लहान मुलाने ठेवावेत तसे.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ह्याचा… ह्याचा काही दोष नाही," बाबा अडखळले. "मीच बसायचो, तू झोपलीस की. पहिली फेरी पहाटेची असायची, हेडलाइट लावूनच डेपोतून निघायचं. सवय. ह्याने मला पकडलं त्या दुपारी, झिरपतंय कुठे ते शोधायला आला तेव्हा. मीच हात जोडले त्याला. म्हटलं, पोरीला सांगू नकोस. तिने माझ्याकडे केविलवाणं बघितलेलं मला चालायचं नाही."

"मग मी दुपारी माझी बॅटरी आणून जोडायला लागलो," तो खाली बघत म्हणाला. "काकांची फेरी माझ्या बॅटरीवर. तुझी बॅटरी भरलेली. वाटलं, दोघांचंही निभेल. काल माझ्या ताईला कळा सुरू झाल्या, हॉस्पिटलला पळालो. काकांना फोन केला होता की आज बसू नका…"

"पाचच मिनिटं बसणार होतो," बाबा म्हणाले. "मग शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो. दिवे तसेच राहिले असणार. त्या बाजूचं दिसत नाही मला."

ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"आज एक म्हातारी बाई माझी वाट बघत बसली आणि तिला घेरी आली," ती म्हणाली. आवाज चढलाच नाही, म्हणून तो जास्तच लागला. "माझी फेरी गेली. तुला ठाऊक होतं फेरी माझ्यासाठी काय आहे. एकदा… एकदा नुसतं सांगितलं असतंस, तर मी बाबांना नको म्हणाले असते का?"

तो सीटवरून उतरून तिच्यासमोर उभा राहिला.

"ताईला काय झालं?" तिने शेवटी विचारलं.

"मुलगी."

"जपा तिला," ती म्हणाली. "आणि इथे येऊ नकोस."

* * *

चावी तिने पर्समध्ये टाकली. ती रोज आतल्या खोलीत बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, घरी यायची, बाबांना जेवायला वाढायची. एकदा पाणी ठेवायला वाकली, तर टेबलाखाली त्यांचा उजवा पाय दिसला. जमिनीवर हळूच दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. बाबा भात कालवत होते. पायाचं काय चाललंय हे त्यांना माहीतही नव्हतं.

तिने पाण्याचा तांब्या ठेवला. "बाबा, जेवण झालं की खाली चला."

त्या दुपारी शेजारच्या सीटवर ती बसली. "कुठली गाडी?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिची नजर केविलवाणी नाही ना, ते नीट निरखून पाहिलं. मग घसा साफ केला. "डेपो ते नदीचा पूल. सत्तावीस स्टॉप."

सहाव्या स्टॉपवर ते खूप वेळ थांबले.

"इथे काय?"

"इथे एक बाई चढते. गुडघ्यांचं दुखणं आहे तिला," बाबा आरशात बघत म्हणाले. "मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं आणि पदराने… पदर कुठला, ओढणीने डोळे पुसले. माणूस आपल्या माणसाशी खोटं का बोलतो, हे तिला तेव्हा थोडंसं कळलं. पटलं नाही. पण कळलं.

महिन्याभराने मोठ्या मॅडमनीच तिला बोलावलं. आजींच्या सुनेचा फोन आला होता. त्या शहाण्या मुलाच्या आईचाही. नवा माणूस दोनदा टोचतो म्हणे, आणि मुलगा टोचायच्या आधीच रडतो.

"सोमवारपासून फेरी घे," मॅडम म्हणाल्या. "पण गाडीचं काय?"

"गाडीत आता माझ्याबरोबर एक अनुभवी माणूस असणार आहे," ती म्हणाली. सगळ्या गल्ल्या बाबांना पाठ होत्या. ती वर जाऊन येईपर्यंत गाडीत बसून राहायला, आणि पुढच्या घराचा जवळचा रस्ता सांगायला, त्यांच्याइतका लायक माणूस गावात नव्हता.

शनिवारी तिने चावी फिरवली. गाडी उठली, पण कण्हत, कुरकुरत. इतक्यांदा तळ गाठलेली बॅटरी आता थकली होती. या वेळी तिला कुणी सांगावं लागलं नाही. मीटरचा आकडा वाचायला ती शिकली होती.

त्याच्या दुकानाशी तिने गाडी थांबवली.

तो गल्ल्यामागून उठला, परत बसला, परत उठला. दोन्ही पायांत चपला एकाच जोडीतल्या होत्या, पण डोळ्यांखाली काळं होतं.

"बॅटरी हवीय," ती म्हणाली. "उद्या-परवा नाही, आत्ता. सोमवारी पहाटे निघायचंय."

"फेरी मिळाली?" त्याचा चेहरा उजळला. "मिळाली! काका कसे आहेत?"

"बॅटरी."

"हो. हो." तो फळीकडे वळला. "तुझ्या गाडीला पस्तिसाची, म्हणजे पस्तीस अँपिअर-अवरची, पुरे. कुणी मोठी गळ्यात मारायला बघेल, घेऊ नकोस, कप्प्यात बसायची नाही. अधिकच्या खुणेचा खांब कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, नाहीतर वायर पोचत नाही. आणि हे…" त्याने फळीवरची बॅटरी फिरवली, वर छापलेले आकडे दाखवले. "ही कारखान्यातून निघाली ती तारीख. हे सगळ्यात आधी बघायचं. फळीवर पडून पडून बॅटरी म्हातारी…"

तो थांबला. आकडे पुन्हा वाचले. दुसरी बॅटरी फिरवली, तिसरी फिरवली.

"सात महिने झालेत," तो म्हणाला. "सगळा माल एकाच खेपेचा आहे. चालेल तशी. वर्षभर तुला काही कळणारही नाही. पण… नको."

"नवा कधी येईल?"

"पंधरा दिवस." त्याने एक श्वास घेतला आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे तसंच एक दुकान होतं, त्याच बॅटऱ्यांचं, आणि दारात एक जाडजूड काका पेपर वाचत बसले होते. "समोर जा. काल त्यांचा माल उतरला. ताजा आहे, मी बघितलाय."

"तू मला समोर पाठवतोयस?"

"हो."

"तुझं गिऱ्हाईक?"

"एकदा न सांगून तुझी फेरी घालवली," तो म्हणाला. "आता काहीच झाकून ठेवायचं नाहीये. मग सगळंच सांगतो, तू जायच्या आत. वायरचं काही नव्हतं. घड्याळाचं ठाऊक होतं. आणि रविवार…" कान लाल झाले. "पहिला रविवार बॅटरीसाठी होता. त्यानंतरच्या एकाचीही गरज नव्हती. रोज दुपारी मी चार्जर लावतच होतो. ती चाळीस मिनिटं… ती मी माझ्यासाठी मागून घेतली होती."

ती वळली आणि रस्ता ओलांडून गेली.

समोरच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो, तिकडे माल संपला वाटतं?"

"नाही," ती म्हणाली. "तिकडे आज खरं बोलणं चालू आहे. पस्तिसाची दाखवा. तारीख वर करून."

तारीख तिने स्वतः वाचली. महिनाही झाला नव्हता. पैसे दिले, पावती घेतली. काका म्हणाले, बसवून देतो. ती म्हणाली, नको. आणि ती जड बॅटरी दोन्ही हातांनी उचलून, झोपलेलं मूल खांद्याशी घ्यावं तशी छातीशी धरून, ती परत रस्ता ओलांडू लागली. एक सायकलवाला थांबला. एक रिक्षा थांबली. तो दुकानातून धावत आला आणि त्याने अर्धं ओझं खालून धरलं. भर रस्त्यात दोघांच्या मध्ये एक बॅटरी.

"हे काय?"

"बसव."

"मी? पण पावती तर त्यांची—"

"बॅटरी मी कुठूनही घेईन," ती धापा टाकत म्हणाली. "माझ्या गाडीचं बोनेट मात्र दुसऱ्या कुणाला उघडू देणार नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

"राग गेला?" त्याने विचारलं.

"नाही. आहे अजून बराच. राग असतानाही माणसाजवळ बसता येतं, एवढं मात्र बाबांनी शिकवलं. सरक आता, हात भरून आले माझे."

त्याने बॅटरी बसवली. खांब आवळले, पट्टी घट्ट केली, बोटाने व्हॅसलीन लावलं. ती आत जाऊन बसली, चावी फिरवली. गाडी एका हाकेत उठली. तो खिडकीपाशी आला. ओठ हलले. काहीतरी म्हणाला.

"काय?" ती म्हणाली. "इंजिन चालू आहे, ऐकू येत नाही!"

"मग बंद कर ना!"

"अं हं. चाळीस मिनिटं चालू ठेवायचं असतं."

"नव्या बॅटरीला लागत नाही!"

"मला लागतं," ती म्हणाली. "मोठ्याने बोल."

त्याने एकदा समोर पाहिलं. काकांनी पेपर खाली केला होता. सायकलवाला अजून थांबलेला होता. मग त्याने दोन्ही हात खिडकीच्या काठावर ठेवले आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, जे म्हणायचं ते म्हणाला.

"आता कसं," ती म्हणाली. कानशिलं तापली होती, तरीही तिने वाकून शेजारच्या सीटचं दार आतून उघडलं. "बस. बाबांना तूच सांग. ते लांबून ऐकणाऱ्यातले नाहीत, समोर बसवून विचारणाऱ्यातले आहेत."